इको कमी कर

मंडईला अठरा दिवस होते,
धान लोंब्यांनी वाकलेलं,
आणि आमचा भोंगा मागच्या साली
बैलाच्या खुराखाली चेपलेला.
भोंगा दोन गावं ओलांडायचा, खरं आहे.
पण त्यातून राणी रडली काय
नि ग्रामपंचायतीची पाणीपट्टी बोलली काय,
सगळं एकाच नाकातून.

म्हणून आम्ही तिघं वडसाला गेलो:
झिबल ढोलकीवाला, ज्याला दिसत नाही,
मनिराम पेटीवाला, ज्याला फार दिसतं,
आणि मी.
तीस वर्षं दंडारीत मी राणी,
घरी तीन लेकरांचा बिनमिशीचा बाप.

पिशवीत चौदा हजार दोनशे.
त्यात बक्षिसाच्या दहा-वीसच्या नोटा,
पदराला टोचताना टाचणीची भोकं पडलेल्या.
पिशवीत तळाशी हिरवी साडीही होती.
नवं काही घ्यायचं तर ती सोबत असावी,
असं माझं आपलं.

दुकानातल्या पोराने पहिला डबा लावला.
बोकडाएवढा, निळेजांभळे दिवे, खाली चाकं.
काचेवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या हलल्या.
"पब्लिक नाचंल, काका."
"नाचंल," मनिराम म्हणाला,
"पन आमी बोलतो जी. अर्धी रात बोलतो.
आन चाकं? बांधीच्या धुऱ्यावरून
चालवून दाखव बरं."

दुसरा एका बोटात उचलावा असा.
बॅटरी चार तास.
आमची राणी चार तासांत
वनवासालाही निघत नाही.
माईकला भोक एकच,
मी गायलो की पेटी मुकी.

तिसऱ्याला काळी जाळी. दिवे नाहीत.
तेरा किलो, वर एक मूठ.
आठ तास चालतो,
तेही आवाज निम्मा ठेवला तर. पोरगं खरं बोललं.
दोन माईक, पेटीला वेगळी वाट.
मी माईक धरला,
आणि भर दुपारी, समोरच्या खताच्या गोण्यांकडे बघत
राणीच्या विलापाच्या चार ओळी म्हटल्या.

भोंग्याने इतकी वर्षं झाकलेलं
तेव्हा ऐकलं.
वरच्या सुराला जाताना खरखर,
बिजागरी कुरकुरावी तशी.
दोन ओळींच्या मध्ये धापा टाकणारा
खर्रा खाणारा माणूस.
राणीला दाढी फुटली होती.

पोराने माझं तोंड पाहिलं असावं.
एक बटण फिरवलं: इको.
लगेच मागे महाल उभा राहिला,
खरखर खांबाआड गेली,
मी पुन्हा पंचविशीत, पुन्हा नेसलेलो.
मला तो महाल हवा होता.
आता सांगायला काय हरकत आहे.

झिबल पुढे आला, जाळीवर तळहात ठेवला,
ढोलकीची शाई तपासतो तसा.
"इको कमी कर."
पोराने केला.
"आखीन."
"आखीन कमी केला त बंदच होते जी."
"मंग बंद कर. हा कोठी दम घेते
ते मले आयकू आलं पायजे,
नाहीत थाप कोठी मारू?"

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, बराच वेळ गेला.

तेरा हजार आठशे.
वायर वेगळी. माईकचा दांडा वेगळा.
दांडा बांबूचा करू म्हटलं,
आमच्याकडे बांबूला काय तोटा.

मनिरामच्या गाडीवर डबा मध्ये,
मागे झिबल त्याला मिठी मारून.
खड्ड्यांचा दणका लागू नये म्हणून
हिरवी साडी गुंडाळली,
मुठीवरून पदर घेतला.
रेल्वे फाटक बंद होतं. शेजारच्या म्हातारीने विचारलं,
"कोन बिमार हाये जी?"
"राणी," झिबल म्हणाला. "गरा बसला तिचा."

गाडीवर चौथ्याला जागा नव्हती,
आणि उरलेले पैसे वायरीत गेले होते.
अकरा किलोमीटर मी पायी आलो.
त्या चार ओळी तशाच म्हणून पाहिल्या,
दम लागला तिथे थांबलो,
थाप नसताना थाप मोजली.
बांधीतला एक बगळा उडाला,
दुसरा नाही उडाला.